स्पितीची कार डायरी

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, रस्ते मोकळे झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी आणि काका निघालो. काका म्हणजे बायकोचे काका. सातारा जिल्ह्यातले, सैन्यात एकवीस वर्षं ड्रायव्हर. मला ते 'पाव्हणं' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्यात बदल नाही. (या प्रवासात एकदा झाला, ते पुढे येईलच.)

मी मारुतीची जिम्नी घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी तोंड वाकडं केलं होतं. जून २०२३ मध्ये ही गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाखांपासून सुरू होत होती. तेवढ्या पैशात पाच माणसं ऐसपैस बसतील, वर काचेचं छत मिळेल अशा गाड्या होत्या. आणि मी घेतली काय, तर चार माणसांची, २०८ लिटर डिकीची चौकोनी डबी. एकटे काका गाडीभोवती फेरी मारून आले, खाली वाकले, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल पाहिला आणि म्हणाले, "जिप्सीचीच औलाद हाय की." (जिप्सी म्हणजे सैन्यात चालायची ती मारुतीची जुनी फोर बाय फोर.) मग पायऱ्यांवर बसून विचारलं, "नेणार कुठं हिला? डी-मार्टला?"

तो टोमणा डोक्यात बसला होता. म्हणून स्पिती, हिमाचलातलं ते उंच, कोरडं खोरं.

दिवस १ ते ३ : पुणे – बडोदा – जयपूर – पंचकुला

हे तीन दिवस म्हणजे साधारण साडेसतराशे किलोमीटर आणि सांगण्यासारखं जवळपास काही नाही. काकांनी सैन्याच्या सवयीने पहिल्याच पेट्रोल पंपावर दोनशे पानी वही काढली आणि वर झोकात लिहिलं : 'कार डायरी'. तारीख, निघाल्याची वेळ, किलोमीटर, पेट्रोल. शेवटचे दोन रकाने '४ एच' (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) आणि '४ एल' (चारही चाकांना जोर, संथ पण ताकदीचा), त्यात मिनिटं भरायची. "गाडी फोर बाय फोर म्हणून घेतली न्हवं? मग किती येळ वापरली ते कळाय पायजे."

तीन दिवस दोन्ही रकान्यांत शून्य.

ज्यांना ही गाडी घ्यायची आहे त्यांनी आधी याच तीन दिवसांचा विचार करावा. दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, १०३ बीएचपी, टर्बो नाही. गिअर पाचच, त्यामुळे शंभरच्या वेगाला काटा तीन हजारांच्या पुढे आणि इंजिन सतत काहीतरी पुटपुटत असतं. उभ्या काचा आणि चौकोनी अंग, म्हणून वारा आडवा आला की स्टिअरिंग हलकेच सावरत बसायचं. एखादा मोठा ट्रेलर शेजारून गेला की गाडी दचकते. ऐंशी-नव्वदला मात्र खुशीत चालते आणि सरासरी पंधराच्या वर देते. काकांना घाई नव्हती, मला होती, आणि गाडी काकांच्या बाजूची होती.

सामानाचं म्हणाल तर दोघंच होतो म्हणून निभावलं. मागची सीट पाडली की ३३२ लिटर जागा होते. चौघं जाणार असाल तर छतावर कॅरिअर हवाच, नाहीतर प्रत्येकी एक सॅक आणि तीही मांडीवर.

दिवस ४ : नारकंडा

शिमला ओलांडून नारकंड्यात पोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. गरम सिड्डू (सारण भरून वाफवलेला कणकेचा गोळा) आणि त्यावर तुपाची धार. काकांना ते करंजीचं उकडलेलं भावंड वाटलं. तीन खाल्ले. झोप.

दिवस ५ : कल्पा

रामपूरनंतर सतलज कायम सोबत. किन्नौरमध्ये शिरलं की रस्ता कड्यात कोरलेला लागतो : डोक्यावर दगडाचं छत, डाव्या-उजव्या हाताला थेट नदी. तरंडाच्या देवीपाशी सगळ्या गाड्या थांबतात, आपणही थांबायचं.

पुढे एका वळणावर समोरून हिमाचल परिवहनची बस आली. ते ड्रायव्हर वेगळ्याच मातीचे असतात. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून मला फक्त दोन बोटांनी 'ये' केलं. माझ्या पुढची एक रुंद एसयूव्ही त्या वळणावर चार वेळा मागे-पुढे झाली, मागचा माणूस उतरून थापा मारत होता. आपली गाडी १,६४५ मिलिमीटर रुंद. थारची रुंदी १,८२० च्या आसपास. फरक वीतभरही नाही, पण त्या वळणावर ती वीत मोजता येत होती. आरसे मिटले आणि सरळ निघून गेलो. कागदावर 'लहान' म्हणून जे खटकतं ते डोंगरात असं वसूल होतं.

पोवारीच्या पंपावर टाकी भरून घ्या. टाकी ४० लिटरचीच आहे आणि यानंतरचा भरवशाचा पंप थेट काझाला.

कल्प्यात आमची मालकीणबाई जर्दाळूंची टोपली घेऊन आली. झाडावरून उतरवलेले, उन्हाने कोमट. समोर किन्नर कैलासावरचा ढग संध्याकाळी सहाला अर्धा मिनिट बाजूला झाला आणि परत आला. काका म्हणाले, "दर्शन झालं, जेवाय चला."

दिवस ६ : नाको, सुमदो, ताबो

खाबच्या पुलापाशी स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून झाडं संपतात. एकदम. हिरवा रंग कुणीतरी फडक्याने पुसून घेतल्यासारखा. वर काझिग्सची वळणं चढून नाको, उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. इथे मला गाडीला दम लागलेला पहिल्यांदा जाणवला.

हे नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये कुणी सांगत नाही. साधं इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर श्वास घेतं. साडेचार हजार मीटरवर तो दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तावन्न टक्के उरतो. म्हणजे पुण्यात १०३ घोडे असतील तर तिथे साठेक. टर्बोच्या गाडीला हवा कोंबून घेता येते, म्हणून ती इतकी थकत नाही. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास आहे म्हणून साठ घोड्यांत भागतं. तिसऱ्यात चढेल असं वाटतं तिथे दुसरा टाकायचा, दुसऱ्याच्या जागी पहिला, आणि लाज वाटून घ्यायची नाही.

नाकोच्या पुढे मलिंगचा भाग. डोंगर इथे अजून स्थिरावलेला नाही, वरून माती येतच असते. आदल्या रात्री थोडी घसरण झाली होती. जेसीबीने एका गाडीपुरती वाट करून ठेवलेली. ओली माती, त्यात दगड, आणि चढ. पहिल्यांदा फोर बाय फोरचा लिव्हर मागे ओढला. ४ एच चालत्या गाडीत टाकता येतो. ४ एलसाठी मात्र पूर्ण थांबायचं, क्लच दाबायचा, लिव्हर खाली दाबून ओढायचा.

काका दार उघडून खाली उतरलेच होते. म्हटलं, "काका, कुठे?"

"हब लावाय."

जिप्सीत फोर बाय फोर वापरायचं तर पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली हबं हाताने फिरवून लॉक करायची असत. चिखलात, बर्फात, अंधारात. म्हटलं, यात ते आपोआप होतं. काका चाकापाशी जाऊन वाकून खात्री करून आले. "आपोआप," असं दोनदा म्हणाले आणि दार लावून बसले. डायरीत : ४ एल, १० मिनिटं.

सुमदोच्या अलीकडे चेकपोस्टवर नाव लिहिताना काकांनी आपला जुना नंबर सांगितला. टेबलामागचा जवान उठून उभा राहिला आणि चक्क मराठीत म्हणाला, "गाव कोणतं, काका?" कऱ्हाडपासून वीस किलोमीटरवरचा निघाला. पाऊण तास गेला. चहा, बिस्किटं, गावच्या यात्रेची तारीख, ऊसदर. त्याने गाडीकडे बोट करून विचारलं, "जिप्सीसारखी हाय का?" काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाले, "अजून बघतोय."

दिवस ७ : ताबो – धनकर – काझा

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीची बुटकी घरं दिसतात, म्हणून लोक दहा मिनिटांत उरकतात. आत अंधारात डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, मग भिंती हळूहळू माणसांनी भरत जातात. फोटो काढायला बंदी आहे आणि ते बरंच आहे.

धनकर चढून खाली आलो, काझा पंधराएक किलोमीटरवर राहिलं आणि मागचं डावं टायर बसलं. धारदार दगडाने बाजूने कापलं होतं. इथे मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीची किंमत कळली. सामान उपसायचं नाही, गाडीखाली आडवं व्हायचं नाही. वीस मिनिटांत चाक बदललं. पण ३,६०० मीटरवर पाच नट सोडवले की छाती भात्यासारखी चालते, म्हणून दोघांत वाटून घ्या. काझ्यात पंक्चरवाल्याने कापलेलं टायर बघून मान हलवली आणि आतून पॅच लावून दिला, "मनाली तक चलेगा, स्टेपनी में रखो." स्पितीला जाताना हवा भरायचा छोटा पंप आणि प्लग किट दोन्ही हवं. कंपनीचे टायर मुळात डांबरासाठी आहेत. इथे वर्षाला एकदा यायचं असेल तर चालतील, नेहमी यायचं तर बदला.

काझाला दोन रात्री काढा. पहिल्या रात्री डोकं दुखतंच. पाणी प्या, आंघोळ करू नका, वीरश्री दाखवू नका. गोळी घ्यायची तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून. रोख पैसे भरपूर ठेवा.

दिवस ८ : लांगझा – हिक्किम – कोमिक

आकाश असं निळं की काकांनी गॉगल काढून खात्री केली. लांगझाला मोठा बुद्ध दरीकडे तोंड करून बसलाय, आजूबाजूला मटाराची शेतं फुलावर आलेली. एक आजी वाटेत बसली होती, ओच्यात काळे गोल दगड. फोडला की आत शंखाची गुंडाळी, समुद्र होता तेव्हाची. विकत घेऊ नका, कायद्यातही बसत नाही. आम्ही तिच्याकडून फक्त चहा घेतला, मिठाचा, लोण्याचा. काकांनी कप संपवला आणि मला हळूच म्हणाले, "आमटी बरी होती."

हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे, पिन कोड १७२११४. काकांनी काकीसाठी कार्ड घेतलं, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ लिहीत बसले, दाखवलं नाही.

कोमिक ४,५८७ मीटर. तिथून उतरताना मी मुद्दाम कच्ची जुनी वाट घेतली. खूप तीव्र उतार, खाली सुटी खडी. ४ एल, पहिला गिअर, आणि दोन्ही पाय वर घेतले. ब्रेकवर नाही, क्लचवर नाही. लो रेंजमध्ये गिअरचं गुणोत्तर जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे इंजिन स्वतःच गाडीला मागून धरून ठेवतं. वेग ताशी तीन किलोमीटर. काका उतरले आणि शेजारून चालू लागले. त्यांना थांबून वाट पाहावी लागत होती. एका हाताने बॉनेटवर थाप मारत, बैल उतारावरून आणावा तशी त्यांनी ती गाडी खाली आणली.

खाली डांबर लागलं आणि मी गप्पांत ४ एच तसाच ठेवला. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड, टायरचा किरकिरा आवाज. काकांनी न बघताच सांगितलं, "टू एच करा, पाव्हणं. टायर खाताय." (टू एच म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना.) या गाडीत मधला डिफरन्शिअल नाही. पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात आणि वळताना त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. मातीवर चाक घसरून हिशेब जुळवतं, डांबरावर तो ताण गिअरबॉक्सला जातो. नव्या मालकांनी हे एवढं एक पाठ करावं. डायरी : ४ एल, २५ मिनिटं.

दिवस ९ : कुंझुम – चंद्रताल

काझाच्या पंपावर टाकी भरली. यापुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंप नाही. लोसरला बटाट्याचे पराठे, आणि मग कुंझुमची चढण. खिंडीत कुंझुम मातेच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची रीत आहे. आम्ही घातली. काकांनी दगडाला नाणं चिकटवून पाहिलं. पहिलं पडलं, दुसरं राहिलं. दोन्हीचा अर्थ त्यांनी सांगितला नाही.

आमची चूक अशी की खिंडीत फार रमलो. चंद्रतालच्या फाट्याला वळायला साडेतीन झाले. हिमनद्यांचं पाणी दिवसभराच्या उन्हाने वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी जिथे घोटाभर पाणी असतं तिथे चारला गुडघाभर. कॅम्पच्या अलीकडचा नाला पांढराफटक फेसाळत होता आणि पलीकडे दोन हॅचबॅक अंगणातल्या कोंबड्यांसारख्या थिजून उभ्या.

काकांनी पँट गुडघ्यावर घेतली, काठी घेतली आणि पाण्यात शिरले. सत्तरीचा माणूस, बर्फाचं पाणी. मध्यावर जाऊन काठी टेकवली, ओल काठीवर कुठवर आली ते अंगठ्याने धरलं, परत येऊन ती काठी पुढच्या चाकाला लावून पाहिली. हबच्या चार बोटं खाली. या गाडीची पाण्यातली मर्यादा ३०० मिलिमीटर आहे. काकांचा अंगठा त्याच्या जेमतेम आत होता. "जायाचं. पर मी उभा राहतो तिथनं. पाण्याकडं बघायचं न्हाय, माझ्याकडं बघायचं."

४ एल, पहिला. पुढची चाकं शिरली, बंपरपुढे पाण्याची घडी पडली. मधोमध पोचलो आणि डावं पुढचं चाक दोन गोट्यांच्या मधे उतरलं. दुसऱ्या क्षणी उजवं मागचं हवेत. गाडी थांबली. चाक फिरत राहिलं. माझा डावा पाय आपोआप क्लचवर गेला.

"आरं क्लच सोड!" काका ओरडले. "सोड म्हंतो ना तुला! गॅस दे, हळू!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा 'अरे'.

सोडला. गॅस धरून ठेवला. पायाखालून टर्रर्र असा आवाज आला, कुणी लाकडी खुळखुळा वाजवावा तसा. हे ब्रेकचं काम : जे चाक रिकामं फिरतं त्याला गाडी स्वतः ब्रेक लावून धरते आणि जोर जमिनीला टेकलेल्या चाकाकडे जातो. हे होतं हे मला माहीत होतं. पण त्यासाठी गॅस सोडायचा नसतो, एक-दोन सेकंद त्या कर्कश आवाजावर विश्वास ठेवून बसायचं असतं, हे वाचून समजत नाही. गाडी थरथरली, डावं चाक गोट्यावर चढलं, आणि पुढच्या क्षणी आम्ही पलीकडे. काका पाण्यातूनच चालत आले. बसले. मोजे पिळले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग म्हणाले, "पाव्हणं, मगा जरा जास्त बोललो." पुन्हा अहो-जाहो.

पुढची सीट मागे पूर्ण आडवी होऊन मागच्या सीटला टेकते. हीटर लावून त्यांना तासभर झोपवलं. तळ्यावर मी एकटाच गेलो. वारा इतका की पाण्यात आरशासारखं काही दिसलं नाही, पण रंग होता. डायरी : ४ एल, २० मिनिटं.

दिवस १० : बातल – छत्रू – मनाली

सकाळी सहाला निघालो. कालचा तोच नाला, दगड वर आलेले, मुलं उड्या मारून जातील इतकं पाणी. थोडा रागच आला.

बातलच्या ढाब्यात राजमा-चावल. तिथे एका टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरने आमच्याकडे बघून सांगितलं की तो हा रस्ता टू-व्हीलमध्येच करतो, वर्षानुवर्षं. खरंच करतो, रोज. स्पितीत ऑल्टो फिरतात, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. फरक इतकाच की त्यांना ओळ माहीत असते : कुठला दगड डावीकडे ठेवायचा, कुठे पाणी खोटं बोलतं. जिम्नी घेणारा पैसे मोजतो तो ही ओळ माहीत नसतानाही पार होण्यासाठी.

बातल ते छत्रू हा रस्ता म्हणजे रस्त्याचा कच्चा माल. दोन्ही टोकांना सलग अ‍ॅक्सल असल्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून पकड सुटत नाही. त्याचा दुसरा अर्थ असा की तुमचं डोकं दिवसभर डावी-उजवी काच तपासत राहतं. काका म्हणाले जिप्सीत गोल स्प्रिंगऐवजी पाटे होते, तिथे मणके मोजून घ्यायला लागायचे, ही त्यामानाने पाळणा. एका ठिकाणी नाल्याने वाट वाहून नेली होती, तिथे शेवटचा ४ एल, १५ मिनिटं.

ग्रांफू, कोकसर, आणि मग अटल बोगदा. नऊ किलोमीटर, गुळगुळीत, पिवळे दिवे. काका शांत होते. पलीकडे बाहेर पडलो तर देवदार, पाऊस आणि वाहतूक कोंडी.

परतीचे चार दिवस आणि नंतर

तोच हायवे, तोच आवाज, ऐंशी-नव्वद. घरी पोचल्यावर काकांनी अंगणात बसून डायरीची बेरीज केली. ४,६४० किलोमीटर. ४ एल : एक तास दहा मिनिटं. बायकोने आकडा ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. "सत्तर मिनिटांसाठी?" मी काकांकडे पाहिलं. ते वहीच्या समासात पेट्रोलचा भागाकार करत होते. सरासरी १४.१. वर बघितलं नाही.

काका गावी गेल्यावर अठरा दिवसांनी काकीचा फोन आला. हिक्किमचं कार्ड पोचलं होतं. मी म्हटलं, वाचून दाखवा. काकी एकेक अक्षर लावत वाचू लागली :

"खुशाल आहे. थंडी बरी आहे. पाव्हणं सावकाश चालवतात. हब लावायला उतरावं लागत नाही. पुढच्या वर्षी तू पण चल, मागं दोन सीट आहेत, सामान कमी घे."